झाडावर नोटीस लागली, रस्ता रुंद होणार: मुंबईत पहिल्यांदाच हरकत घेणाऱ्यांसाठी

रस्ता रुंद होणार ही बातमी मुंबईत बऱ्याच जणांना पहिल्यांदा झाडावरून कळते. बुंध्यावर रंगाने आकडा पडलेला असतो आणि त्याखाली महापालिकेच्या उद्यान विभागाचा कागद चिकटवलेला असतो. कोणीतरी फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं. दोन दिवस हळहळ चालते, तिसऱ्या दिवशी सह्या गोळा करायला सुरुवात होते. तोवर हरकतीची निम्मी मुदत सरलेली असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 या कायद्याखाली जाहीर नोटीस निघाल्यावर हरकत नोंदवायला सात दिवस मिळतात. शनिवार-रविवार आणि सणवार त्यातच धरलेले असतात.

या शहरातली अशी भांडणं कोर्टात जाण्याआधीच कागदावर हरली जातात, असं माझं ठाम मत आहे. आणि झाडं वाचवणारे एकीकडे, घरं-दुकानं वाचवणारे दुसरीकडे अशी फूट पडली की दोघांच्याही हाती काही लागत नाही. खालचं सगळं या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पहिला दिवस: कागद वाचा, मग झाड मोजा

नोटिशीचा फोटो असा काढा की मजकूर, तारीख आणि झाडाचा नंबर तिन्ही वाचता येतील. मग चार पावलं मागे जाऊन दुसरा फोटो काढा, ज्यात झाड आणि मागची ओळखीची खूण, म्हणजे बस स्टॉप, दुकानाची पाटी किंवा सोसायटीचं गेट, एकत्र दिसेल. पाऊस आला की कागद गळून पडतो आणि नंतर 'नोटीस लागलीच नव्हती' की 'लागली होती' यावर वाद होतो. तुमचा फोटो त्या वादात कामाला येतो.

नोटिशीतून पाच गोष्टी वहीत उतरवा: प्रस्तावाचा क्रमांक, तारीख, कोणत्या विभागाने झाडं काढायची परवानगी मागितली, किती झाडं तोडायची आणि किती दुसरीकडे हलवायची. जागेवर राखायची झाडं किती, हेही बहुधा दिलेलं असतं.

आता शिंप्याकडे असते तशी टेप घेऊन रस्त्यावर उतरा. दोघं-तिघं पुरे. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीला, बुंध्याभोवती टेप फिरवून घेर लिहा. झाडाचं नाव लिहा, घरटं असेल तर तेही. कामाला एक सकाळ लागते आणि हाती येतं ते सोनं असतं, कारण तुमची यादी आणि खात्याची यादी शेजारी ठेवली की फरक दिसू लागतात: एखादं झाड यादीतच नाही, पिंपळाच्या जागी भलतंच नाव, मोठ्या वडाचा घेर निम्मा.

घेराला एवढं महत्त्व का? 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला कायद्यात हेरिटेज झाडाचा दर्जा आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची तरतूद आहे. वय कमी लिहिलं की झाडाचा दर्जाही जातो आणि भरपाईची झाडंही घटतात. म्हणून 'आमची झाडं वाचवा' एवढंच लिहिण्यापेक्षा 'यादीतल्या अमुक क्रमांकाच्या झाडाचा घेर चुकला आहे, फेरमोजणी करा' हे वाक्य कितीतरी जड पडतं.

रस्ता नक्की कोणाचा

नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त दिवस इथे वाया जातात. वॉर्ड ऑफिसला पत्र द्यावं तर 'हे आमच्याकडे नाही', तिथून दुसऱ्या ऑफिसात जावं तर 'महापालिकेला विचारा'. त्यामागे कारण आहे. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होते, मग एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले आणि 2022 च्या अखेरीस महापालिकेकडे आले. पण त्याच पूर्व द्रुतगती महामार्गावर छेडानगर ते ठाण्याच्या आनंदनगरपर्यंतचा उन्नत मार्ग एमएमआरडीए बांधते. म्हणजे खालचा डांबरी रस्ता एकाकडे, वरचा पूल दुसऱ्याकडे आणि झाडांची परवानगी देणारा तिसराच. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, तर गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता महापालिकेच्या पूल विभागाचा.

उपाय साधा आहे. कामाच्या जागी लावलेल्या फलकाचा फोटो काढा. त्यावर काम करवून घेणारी संस्था, कंत्राटदार आणि सल्लागार यांची नावं असतात. मग 2014-34 च्या विकास आराखड्यात हा रस्ता किती रुंद दाखवला आहे ते पाहा. महापालिकेच्या संकेतस्थळावरून आपल्या भूखंडाचा 'डीपी रिमार्क', म्हणजे आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलं आहे याचा दाखला, काढता येतो. आराखड्यातली रुंदी आणि प्रत्यक्ष आखलेली रुंदी यांत तफावत असेल तर हरकतीचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

हरकत अशी लिहा

एकाच मजकुराखाली तीनशे सह्या म्हणजे खात्याच्या दृष्टीने एक हरकत. तीस जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या पत्त्यासह लिहिलेली तीस पत्रं म्हणजे तीस हरकती. पत्र एका पानाच्या पुढे नको. नमुन्यादाखल गाभा असा:

'प्रस्ताव क्रमांक अमुक, दिनांक अमुक. यादीतील झाड क्र. 14 (पिंपळ) याचा घेर आम्ही प्रत्यक्ष मोजला असता यादीत नमूद केलेल्यापेक्षा जास्त भरला. फोटो सोबत जोडले आहेत. झाड क्र. 9 ते 17 ही प्रस्तावित पदपथाच्या आत येतात, मार्गिकेत येत नाहीत. पदपथाची आखणी बदलल्यास ती जागेवर राखता येतील. प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी संयुक्त पाहणी करावी, पर्यायी आखणीचा विचार केला असल्यास त्याची नोंद दाखवावी आणि मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.'

शेवटचं वाक्य विसरू नका. सुनावणी मागितलीच नव्हती, असं पुढे ऐकावं लागू नये.

पत्र दोन ठिकाणी द्या: आपल्या वॉर्डातल्या उद्यान विभागात आणि भायखळ्याला राणीच्या बागेत उद्यान अधीक्षकांच्या कार्यालयात. दोन्हीकडे आवक शिक्का आणि तारीख घेतलेली प्रत, म्हणजे 'पोच', जपून ठेवा. ईमेलही करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कोर्टात शिक्क्याची प्रत बोलते.

एका गोष्टीवर थांबून विचार करा: तुमची मागणी मोजता येण्यासारखी आहे का? वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांकडून हे शिकावं. सागरी किनारा मार्गाचा पूल क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावरून जाणार होता आणि दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं. खवळलेल्या समुद्रातून होडी एवढ्या फटीतून आत आणणं जिवावरचं आहे, हे समुद्रावर जाणाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी अंतर वाढवण्याची मागणी लावून धरली आणि अखेर मधला एक खांब वगळून ते अंतर 120 मीटर करावं लागलं. त्यांची मागणी याहून मोठ्या अंतराची होती, पण लढा एका आकड्याभोवती उभा राहिला म्हणून तो टाळता आला नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावर घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात मार्चमध्ये गुलाबी फुलणाऱ्या टॅबेबुयांच्या रांगेबाबतही असंच घडलं. उन्नत मार्गाच्या कामात ती झाडं जाणार म्हणून लोकांनी आवाज उठवला, आखणी बदलली आणि 127 झाडं वाचवण्याचा निर्णय झाला. रस्ता थांबला नाही, खांबांची जागा बदलली. मुंबईत असे विजय पूर्ण स्थगितीपेक्षा जास्त टिकतात.

माहिती अधिकार: थोडक्यात, पण नेमकं

हरकतीबरोबरच अर्ज टाका. उत्तराला 30 दिवस लागतात, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत हवा, शुल्क 10 रुपये. म्हणून एका अर्जात दहा प्रश्न कोंबू नका. आखणीचा नकाशा, वाहतुकीचा अभ्यास, झाडांच्या पाहणीचा अहवाल आणि पर्यायांवरची टिपणी असे वेगवेगळे अर्ज करा. त्यातल्या एकात कागदपत्रं प्रत्यक्ष पाहायची परवानगी मागा. फाइल पाहायला बसलं की टिपणीच्या कडेला पेनाने लिहिलेले शेरे दिसतात, आणि कधीकधी सगळं प्रकरण त्या एका ओळीत असतं. वेळेत उत्तर आलं नाही तर 20 रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील करा.

झाडं तुकड्यातुकड्याने मांडली आहेत का, हे फाइलमध्ये आवर्जून बघा. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता 12.2 किलोमीटरचा, त्यात राष्ट्रीय उद्यानाखालून 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे. संपूर्ण कामात हजारावर झाडांचा प्रश्न होता, पण 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आधी चित्रनगरीजवळची 95 झाडं आली आणि ती परवानगी मिळाली. एकदा बोगद्याचं तोंड ठरलं की पुढची झाडं आपोआप ठरतात. म्हणून पहिल्याच टप्प्यात संपूर्ण यादी मागा.

घरं आणि दुकानं

रुंदीकरणात झाडाशेजारी बहुतेक वेळा एक चाळ, चार टपऱ्या, एखादं देऊळ आणि पन्नास वर्षांचं वाण्याचं दुकान असतं. झाड वाचवायचं तर रेषा चाळीवर सरकेल, असं एका बैठकीत सांगितलं जातं. दुसऱ्या बैठकीत चाळवाल्यांना सांगतात, झाडवाल्यांमुळे तुमचं पुनर्वसन अडलं. दोघांनी एकत्र बसून नकाशा पाहिल्याशिवाय यावर विश्वास ठेवू नका. दुभाजक अरुंद करता येतो का, मार्गिकेची रुंदी कमी करता येते का, समोरच्या बाजूची मोकळी जागा का वगळली, हे प्रश्न दोघांनी मिळून विचारायचे असतात.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मधल्या कलम 297 खाली रस्त्याची नियमित रेषा ठरते आणि कलम 299 खाली त्या रेषेतली जागा ताब्यात घेतली जाते. 299 ची नोटीस हातात पडली तर तीच कात्री आहे असं समजून त्याच आठवड्यात वकील गाठा. पात्रतेसाठी पुरावे लागतात. जुन्या बांधकामांना निवासीसाठी 17 एप्रिल 1964 आणि व्यावसायिकसाठी 1 एप्रिल 1962 या तारखांआधी बांधकाम होतं का ते पाहिलं जातं. झोपड्यांना 1 जानेवारी 2000 पर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना सशुल्क पुनर्वसन. लाइट बिल, मतदार यादी, गुमास्ता लायसन्स, फोटोपास, रेशन कार्ड, जे आहे ते एका पिशवीत ठेवा आणि त्याच्या झेरॉक्स नातेवाइकांकडे. मोजणीच्या दिवशी घरात कोणीतरी हजर हवंच. कुलूप दिसलं की 'बंद' असा शेरा पडतो, आणि तो पुसून पात्र यादीत येईपर्यंत माणसं थकून जातात.

पुनर्वसन कुठे होणार, हाही पर्यावरणाचाच प्रश्न आहे. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं माहुलला पाठवली गेली, जिथे रिफायनऱ्यांच्या शेजारी हवेने लोक आजारी पडत होते. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही हे मान्य केलं आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा 15,000 रुपये भाडं आणि 45,000 रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. विस्थापितांची बाजू इथे हवेच्या प्रदूषणावरच्या कागदांनी उभी राहिली. झाडांसाठी धावणाऱ्यांनी हा खटला विसरू नये.

कोणतं कोर्ट

इथे चुकीच्या दारात उभं राहिलं की महिने जातात.

बरेच जण विचारतात, पर्यावरण मंजुरी कुठे आहे? 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत 2013 साली बदल झाला. तेव्हापासून आहे त्या आखणीवर राष्ट्रीय महामार्ग रुंद करताना काम 100 किलोमीटरपेक्षा लांब आणि वाढीव जागा 40 मीटरपेक्षा जास्त असेल तरच ती मंजुरी लागते. नव्या वळणावर 60 मीटर. शहरातल्या दोन-चार किलोमीटरच्या रुंदीकरणाला हे लागू होत नाही. त्यामुळे मुंबईतले खटले झाडांचा कायदा, किनारा नियमन क्षेत्र, कांदळवन (तिवरांचं जंगल) आणि वन या चार खांबांवर उभे राहतात.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. ते फक्त आपल्या अनुसूचीतल्या कायद्यांवरचे वाद ऐकतं: पर्यावरण संरक्षण, वन संवर्धन, हवा, पाणी, जैवविविधता वगैरे. महाराष्ट्राचा झाडांचा कायदा त्या यादीत नाही. म्हणून निव्वळ झाडतोडीच्या परवानगीला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालय. किनारा नियमन किंवा वनजमिनीच्या मंजुरीला आव्हान द्यायचं तर हरित न्यायाधिकरण. मंजुरीविरुद्ध अपिलाला 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यानंतर एक दिवसही माफ होत नाही. इतर वादांत सहा महिने आणि वर 60 दिवस.

कांदळवनाचा नियम वेगळा आणि कडक आहे. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी घातली, भोवतालचा 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितला आणि सार्वजनिक कामासाठी तोड करायची झाल्यास न्यायालयाची परवानगी बंधनकारक केली. खाडीकाठच्या रस्त्यात तिवरांवर भराव पडताना दिसला तर सर्वात आधी विचारा: उच्च न्यायालयाच्या परवानगीचा आदेश कुठे आहे?

दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागण्याचा मार्ग मात्र जवळजवळ बंद झाला आहे. 2018 मध्ये स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये कलम 41(एचए) आलं, त्यानुसार पायाभूत प्रकल्पाच्या कामात अडथळा किंवा विलंब होईल असा मनाई हुकूम देता येत नाही. कोणी 'उद्या सिटी सिव्हिलमधून स्टे आणतो' म्हणालं तर त्यांना हे कलम विचारा.

जनहित याचिकेत उच्च न्यायालयाच्या 2010 च्या नियमांप्रमाणे याचिकाकर्त्याला स्वतःची माहिती, माहितीचा स्रोत आणि खर्च कोण करतंय हे सांगावं लागतं. ज्याचं घर किंवा दुकान जातंय त्याने आपली स्वतंत्र रिट याचिका करावी, जनहित याचिकेत वैयक्तिक हित लपवू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना 1987 च्या कायद्याखाली मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

तारखा मोजायची सवय

वृक्षतोडीची परवानगी मिळाल्यावर 15 दिवस झाड तोडता येत नाही. हे 15 दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजले जातात, तुम्हाला तो कधी कळला त्यावरून नाही. मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडली त्या आरे प्रकरणात हे सर्वांनी पाहिलं. आदेश 13 सप्टेंबर 2019 चा होता, म्हणून मुदत 28 ला संपली, अशी मेट्रो प्रशासनाची भूमिका होती. 4 ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सोमवारी, 7 तारखेला, तोड थांबवली, तोवर 2,185 पैकी 2,141 झाडं पडली होती. आजही तो आकडा लिहिताना हात जड होतो.

म्हणून निकालाची तारीख लागली की त्याआधीच ठरवून ठेवा: निकाल विरुद्ध गेला तर त्याच क्षणी कोर्टातच तात्पुरती स्थगिती कोण मागणार, दिल्लीतला वकील कोण, कागद स्कॅन झाले आहेत का. जिंकलात तरी सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे तुम्हाला न ऐकता आदेश होणार नाही. कॅव्हेट 90 दिवस चालतं. सागरी किनारा मार्गाची किनारा नियमन मंजुरी उच्च न्यायालयाने 16 जुलै 2019 ला रद्द केली होती. त्याला 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली आणि काम पुन्हा सुरू झालं.

करवत घेऊन माणसं आलीच तर

भांडू नका, कागद मागा. मूळ परवानगीपत्र, त्यातले झाडांचे नंबर आणि तारीख. यादीबाहेरच्या झाडाला हात लागला तर व्हिडिओ काढत 1916 या महापालिकेच्या क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात एकाच वेळी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. मंजुरीपेक्षा जास्त झाडं मागणं महागात पडतं: आरेमध्ये 84 झाडांची मुभा असताना 177 साठी अर्ज केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये मेट्रो कंपनीला 10 लाख रुपये भरायला लावले.

आंदोलन करणार असाल तर पोलिसांची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खालची, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच ताकीद देणारी, नोटीस येऊ शकते. ती नाकारू नका. घ्या, तारीख लिहा, वकिलाला पाठवा. अपवाद वगळता सूर्यास्तानंतर महिलांना अटक करता येत नाही, हे बरोबरच्या प्रत्येकीला सांगून ठेवा. कॉलेजच्या मुलांना पुढे करू नका. गुन्हा नोंदला गेला की पासपोर्टपासून नोकरीपर्यंत तो त्यांच्या मागे लागतो.

आणि झाडं हलवलीच, तर प्रकरण तिथे सोडू नका. कुठल्या भूखंडावर कोणतं झाड नेलं याची यादी माहिती अधिकारात मागा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे जाऊन या. नंबर बघा, खोडाला नखाने थोडं खरवडून आत हिरवं आहे का ते पाहा, फोटो काढा. वाळलेल्या झाडांची यादी शिक्क्यानिशी उद्यान अधीक्षकांना द्या आणि एक प्रत वकिलाकडे पाठवा. त्याच रस्त्याचा पुढचा टप्पा मंजुरीला येईल तेव्हा ती हरकतीला जोडता येते.